खुडायची राहिलेली फुलं

एप्रिल सरत आला होता. लिसे गावावर निवलेल्या दुधासारखं मवाळ ऊन उतरलं होतं, आणि सागरगंधी वाऱ्याखाली ट्यूलिपचे तांबडे, पिवळे, जांभळे पट्टे क्षितिजापर्यंत हेलावत होते. रंगच रंग. कालव्यांच्या काठाने रंग, सायकलींच्या टोपल्यांत रंग, दूरदेशीहून आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत रंग.

पाहुण्यांना वाटे, हे गाव फुलांचं. गाव मनात हसे. गाव होतं कंदांचं. ट्यूलिप पुरतं उमललं, की चार दिवसांत त्याचं मस्तक खुडायचं, म्हणजे जीवनरस खाली उतरतो आणि मातीतला कंद पोसतो. गळलेली पाकळी पानावर कुजली, तर रोग शिरतो. इथं फुलाची दया येऊन चालत नाही.

हुबर्टच्या शेतात खुडणीचा दिवस त्याची बायको दीना ठरवत असे. एकेचाळीस वसंत ती बांधावर उभी राहिली, एका रक्तवर्ण फुलात डोकावली, आणि म्हणाली, "आता." एवढा एकच शब्द. तो दिवस पुढे ढकलण्याची हुबर्टची काय बिशाद होती!

यंदा बांध रिकामा होता. दीना इस्पितळात होती. तिला घरी न्या, पुढचा बहर काही तिच्या वाट्याला नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ती ग्लानीत होती. मी सांगतो तिला, म्हणून हुबर्टने ते ओझं आपल्या शिरावर घेतलं. ती जागी झाली, आणि त्याने सांगितलं, की नुसता अशक्तपणा आहे, घरचं गरम सूप पोटात गेलं की जाईल. तो दणकट माणूस खोटं बोलण्यात अगदीच कच्चा होता. तरी ती हसली, आणि त्याला वाटलं, खपलं.

भोवतालची शेतं एकेक करून हिरवी झाली. हुबर्टचं तेवढं तांबडं राहिलं. शेजारी चार शब्द सुनावून गेले. त्याने ऐकून घेतले. तिची खाट खिडकीशी लागेपर्यंत एकही फूल खुडायचं नाही, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

गुरुवारी ती आली. खिडकीबाहेर ते आरक्त, अतिपक्व, ओथंबलेलं शेत उभं होतं. पाकळ्या सैलावल्या होत्या; काही गळून पानांना चिकटल्या होत्या. हुबर्ट शेताकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

दीना खूप वेळ पाहत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "किती दिवस दिलेत रे त्यांनी मला?"

आठ दिवस हुबर्टने जे जिभेच्या टोकाशी अडवून धरलं होतं, ते त्याच्या शेताने एका क्षणात सांगून टाकलं होतं. ज्याने एकेचाळीस वर्षांत एक फूल उशिरा खुडलं नाही, तो सबंध शेत उभं ठेवतो ते कशासाठी, हे दीनाला कुणी शिकवायला नको होतं.

त्याने तिचा हात घट्ट धरला. धरण्याजोगं त्या हातात काही उरलं नव्हतं. तिने तो हलकेच सोडवून घेतला, खिडकीकडे वळली, आणि म्हणाली, "आता."

खुडणीचं यंत्र त्याला सुरू करवेना. खिडकीखाली वाकून त्याने पहिलं फूल हाताने खुडलं. मग दुसरं, मग तिसरं. काचेआडून ती बघत होती. तांबडं मातीत पडत होतं, हिरवं मागे राहत होतं. आणि जो वसंत तिचा नव्हता, त्या वसंतासाठी खाली, अंधारात, कंद पोसत होते.