देवाला सोडलेला

मी देवाचा पोळ बोलतोय. येळ्ळूरच्या तळ्याकडेला चिखलात मागचा उजवा पाय आडवा टाकून पडलोय, त्याला आज पाच दिवस झाले. सकाळी गावात प्रभातफेरी निघाली, झेंडा लागला, पेढे वाटले. देश स्वतंत्र झाला म्हणे. मी तर पंधरा वर्षं स्वतंत्र आहे, आणि माझ्याइतके हाल या गावात दुसऱ्या कुणाचे नसतील.

भरमाआप्पाच्या गोठ्यात माझा जन्म झाला. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून मला चांद्या म्हणायचे. माझ्याबरोबर मोऱ्या नावाचं दुसरं खोंड वाढत होतं. आमची औताला जोडी जमणार, असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

मग आप्पा तापानं पडला. पंधरा दिवस अंथरुणाला खिळला. त्याची बायको राजाक्का कलमेश्वरासमोर पदर पसरून म्हणाली, "देवा, माझा धनी उठून बसू दे. घरातलं चांगलं खोंड तुला सोडीन." आप्पा उठून बसला. दोघांत उजवा मी होतो, म्हणून पाळी माझ्यावर आली.

देवळापुढं माझ्या मांडीवर तापल्या लोखंडाचा त्रिशूळ उठवला. मी हंबरलो आणि लोकांनी हात जोडले. राजाक्कानं स्वतःच्या हातानं माझं दावं सोडलं आणि घरी नेऊन खुंटीला टांगलं. त्या दिवसापासून मला कुणी चांद्या म्हटलं नाही. कुणी पोळ म्हणायचं, कुणी कानडीत बसवाण्णा, म्हणजे नंदी.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं मजेत गेली. नाकात वेसण नाही, मानेवर जू नाही. वाटेल त्या शेतात शिरावं, वाटेल तेवढं खावं. लोक हाकलायचे, तेही नमस्कार करून. बाजारात पेंडीच्या पोत्यात तोंड घातलं तरी दुकानदार चडफडत गप्प बसायचा. गावात उनाड माणसाला 'सोडलेला पोळ' म्हणायचे. ती शिवी आहे हे मला कळायचं नाही, मला ती पदवी वाटायची. मोऱ्या औत ओढताना दिसला की मी मुद्दाम बांधावर उभा राहून रवंथ करायचो. काय मूर्ख होतो मी!

लढाईचे दिवस आले. धान्य रेशनवर गेलं, बियाण्याला भात मिळेना. राजाक्कानं पोटाला चिमटा काढून भात राखलं आणि वाफ्यात रोपं वाढवली. वीतभर उंचीची ती हिरवीगार रोपं चार दिवसांत शेतात लावायची होती. एका सकाळी मी त्या वाफ्यात शिरलो आणि ऊन चढेपर्यंत सगळा वाफा साफ केला. कुणाचं खातोय हे मी पाहिलं नाही. पाहायची सवयच मोडली होती.

राजाक्का काठी उगारून धावत आली. मांडीवरचा त्रिशूळ दिसला आणि तिचा हात खाली आला. काठी टाकून तिनं मला हात जोडले आणि वाफ्यातच मटकन बसली. तेव्हा मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती गावच्या पंचांकडे, मारुतीरावांकडे गेली. "याला कुणीतरी बांधून घाला," म्हणाली.

"देवाचा हाय त्यो. तूच सोडलास न्हवं?" मारुतीराव म्हणाले. त्यांच्या गोठ्यात माझी सहा वासरं होती, पण मला घालायला वैरण नव्हती.

मग तिनं मला कोंडवाड्याच्या दारापर्यंत हुसकत नेलं. कारकून धारवाडकडचा. "यार एत्तु?" त्यानं विचारलं. कुणाचा बैल?

"देवाचा."

"मग देवाची सही आण," म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

त्या वर्षी आप्पाची जमीन पडीक राहिली. खायला काही उरलं नाही, म्हणून मोऱ्याला निपाणीच्या एका तंबाखूच्या गाडीवाल्याला विकलं. गाडीमागं बांधून नेताना तो हंबरत वळून वळून बघत होता. मी कोपऱ्यावर उभा होतो. सोमवार होता, कुणीतरी मला गूळ चारत होतं. तो गूळ मी गिळला, याची लाज मला अजून वाटते.

पाच दिवसांपूर्वी कुणाच्या तरी मक्यात शिरलो आणि पाठीमागून पायावर कुऱ्हाडीचा घाव बसला. कुणी घातला, हे गावात कुणी विचारलं नाही. विचारायला मालक लागतो. आता जखमेत किडे पडलेत, कावळे टोचतात आणि मला शेपूटही उचलवत नाही.

आज झेंडा लावून माणसं इथूनच परतली. मारुतीरावांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. "आजपासून आपून समदी बसवाण्णागत मोकळी झालो," ते म्हणाले.

"पाय सडलाय की ह्येचा. डाक्टरला सांगाय पायजे," मागून कुणी बोललं.

"व्हय, सांगाय पायजे," सगळेच म्हणाले आणि पेढे खात घरी गेले.

दुपारी राजाक्का आली. एका हातात हळद होती, दुसऱ्या हातात ते जुनं दावं. जवळ बसली आणि म्हणाली, "चांद्या."

पंधरा वर्षांनी मला माझं नाव ऐकू आलं. मी मान वर केली.

तिनं जखम धुतली, हळद भरली. दावं माझ्या गळ्याजवळ आणलं आणि तिचा हात थांबला. "तुला बांधलं की तू आमचा झालास. गाडी आणून घरी न्हेईन, औषध करीन. पण देवाला दिल्यालं परत कसं घिऊ रं? धन्याला पुन्हा ताप यायला लागलाय. त्येला काय झालं तर?"

मी तिचा हात चाटला.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "सोडलं म्हंजे सुटलं, असं वाटलं मला."

बराच वेळ रडली. मग दावं तिथंच जमिनीवर ठेवून उठली आणि मागं न बघता गेली.

आता ऊन उतरतंय. गावात वाजंत्री चालू आहे. या वाटेनं जाणाऱ्या कुणालाही माझी एकच विनंती आहे. नमस्कार करू नका, गूळ देऊ नका. मला कुणाचा तरी करा. शेण काढताना शिव्या द्या, चुकलो तर मारा, पण संध्याकाळी मी परतलो नाही तर शोधायला निघा.

सरपटत सरपटत मी दाव्यापर्यंत पोचलोय. मान त्याच्यावर टेकवलीय. गाठ तेवढी मला मारता येत नाही.