लेतेब्रहानची डच वही

मी लेतेब्रहानची वही. लेउवार्डन या डच शहरातल्या एका दुकानात, शाळेच्या वह्यांच्या ढिगातून तिनं मला उचललं. पहिल्या पानावर तिनं आधी आपल्या मायबोलीच्या, तिग्रिन्याच्या लिपीत नाव घातलं, मग खाली डचमध्ये.

ती इस्पितळाच्या चादरी धुण्याच्या कामावर होती. तिच्या पिशवीत राहून माझ्या पानांनाही साबणाचा वास लागला. दर मंगळवारी दुपारी ग्रंथालयात गेर्ब्रिखबाई तिला डच शिकवत. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, लाल पेननं चुका सुधारायची भारी हौस असलेल्या.

एकदा बाईंनी आठवण लिहायला सांगितली. लेतेब्रहाननं लिहिलं, 'माझा भाऊ फिल्मोन, ज्याची मी वाट पाहते.' 'ज्याची'साठी तिनं डचमधलं 'वारॉप' घातलं.

"भाऊ आहे की बस?" बाई हसल्या. "वस्तूची वाट पाहिली तर 'वारॉप'. माणसाची पाहिली तर 'ऑप वी'."

"बस निदान वेळेवर येते, बाई."

दोघी हसल्या. तिच्याकडे यायला निघालेला फिल्मोन दोन वर्षं वाटेत लिबियात अडकला होता.

मग तिथल्या त्रिपोलीहून कुणा अनोळखी माणसाचा फोन आला. दोन मंगळवार ती गेलीच नाही. तिसऱ्या मंगळवारी कोट न काढताच बसली आणि मला उघडलं.

"फिल्मोन गेला, बाई. फेब्रुवारीतच. मला आता मे महिन्यात कळवतायत. तोवर मी वाटच पाहत होते." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "हे दुरुस्त करायचंय."

बाईंना जे येत होतं तेच त्यांनी केलं. हळूच म्हणाल्या, "'वाट पाहते' काढलं की 'ऑप' पण जातं. 'आठवण काढते'ला 'आन' लागतं."

"आणि 'वी'? मेलेला माणूस वस्तूत धरतात का?"

"नाही गं. 'वी'च राहतं."

'आन वी' लिहिताना तिनं पेन इतकं दाबलं, की माझं पान फाटलं.

डचची परीक्षा जवळ आली. सरावाचा प्रश्न होता, 'तुला भावंडं किती?' तिनं लिहिलं, 'एक भाऊ आहे.'

बाईंचं लाल पेन 'आहे'वर आलं. एक ठिपका उमटला. बाईंनी टोपण लावलं.

"पुढचा प्रश्न घे," त्या म्हणाल्या.

आता माझी पानं संपलीत. कपाटात जुन्या कागदांखाली पडून असते. कधी कुणाच्या हाती लागले, तर माझ्यातल्या बाकीच्या चुका खुशाल सुधारा. ते 'आहे' तेवढं राहू द्या.