दारदारांच्या धक्क्यावरचा खुंटा

क्लोटिल्ड शेरामी हिची होडी सायप्रस झाडाच्या एका अख्ख्या खोडातून कोरलेली होती. तिची लेक एझोरा फळ्यांच्या अरुंद, सपाट बुडाच्या पिरोग होडीत उभी राहून, लांब काठीने चिखल रेटत मासेमारीला जाई. एझोराची लेक व्हर्डी हिने अ‍ॅल्युमिनियमची मोटारबोट आणली आणि खाडीकाठच्या पुरुषांच्या आधी इंजिनाची दोरी ओढून दाखवली. व्हर्डीची लेक म्हणजे लोरेना. साठी ओलांडलेली, उजवा खांदा कायमचा दुखावलेली, आणि मासेमारीसाठी आयुष्यातली पहिली कयाक, म्हणजे एका माणसाची हलकी होडी, घ्यायला निघालेली.

आधीच्या तिघींपैकी एकीवरही होडी निवडण्याची वेळ आली नव्हती. पहिल्या दोन होड्या घरच्या माणसांनी घडवल्या, तिसरी दिराकडून आली. लोरेनाच्या आईची मोटारबोट मात्र गेल्या शरदातल्या वादळाने उचलून ओकच्या बुंध्यावर आपटली. ती शाबूत असती तरी उपयोग नव्हता. लुइझियानाच्या त्या दलदलीत ज्या उथळ डबक्यांमध्ये रेडफिश मासे पाठ उघडी टाकून चरायला येतात, तिथे इंजिनाचा पंखा नुसता चिखल घुसळतो. तिथे शिरावे ते हलक्या, मुक्या होडीनेच.

मुकी होडी म्हटले की लोरेनाच्या मनात दारदारांचा खुंटा उभा राही.

फार पूर्वीच्या एका मोठ्या वादळात, पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा, शेजारच्या तेओफील दारदारने आपली पिरोग एझोराच्या हवाली केली होती. एझोराने तिच्यातून आपली पोरे चर्चपर्यंत नेली. पोरे वाचली, पिरोग समुद्राने नेली. खाडीच्या रीतीप्रमाणे होडीची भरपाई पैशाने होत नाही, होडी देऊनच होते. पुढे व्हर्डीने एकदा भरपाई म्हणून मोटारबोट आणून दारदारांच्या धक्क्याला लावली, तेव्हा म्हातारा तेओफील पायऱ्या उतरून आला आणि एवढेच म्हणाला, "मी दिलेली होडी आवाज करत नव्हती." व्हर्डी मान ताठ ठेवून परत फिरली, आणि त्यानंतर दारदारांनी ज्या खुंट्याला ती पिरोग बांधली जाई तो रिकामाच ठेवला. लाकूड कुजले की ते नवा खुंटा ठोकत, पण त्याला कधी काही बांधत नसत. शेरामींच्या बायका त्या धक्क्यावरून जाताना समोर पाहत.

आई जाताना लोरेनाला म्हणाली होती, "तो खुंटा तुझ्याकडे आला गं." लोरेनाने मान डोलावली होती. आता मात्र तिच्या गाठीला एकाच होडीपुरते पैसे होते, आणि तिला स्वतःला पाण्यावर जायचे होते.

दुकानाचा मालक वेन्डेल बोलघेवडा माणूस होता. "बाई, आत पाय घालून बसायची हवी, की वर बसायची? वल्ह्याची, की पायाने पेडल मारायची? लांब घेतलीत तर सरळ आणि झपझप जाते, पण वळताना रुसते. आखूड घेतलीत तर वळते, पण वारा सुटला की गोल गोल फिरवते."

"अहो, मला मासे धरायचेत, नाचायचं नाहीये."

"म्हणूनच विचारतो. वजन कोण उचलणार?"

लोरेनाने दुखरा खांदा नकळत मागे घेतला. रांगेने लावलेल्या त्या रंगीबेरंगी कयाक तिला आंधळ्या कोशिंबिरीत भोवती फेर धरणाऱ्या पोरांसारख्या वाटू लागल्या. चुलतबहीण मर्टलने पेडलची घे म्हणून बजावले होते, तर पाद्रीबाबांनी पेडल गवतात अडकते, घेऊ नको म्हणून. भाचा म्हणाला होता, लांब. भाच्याची बायको म्हणाली होती, तो म्हणेल त्याच्या उलट. घरी जाऊन विचार करावा तर विचाराचा गुंता वाढे. दुकानात येऊन पाहावे तर काल आवडलेली आज आवडेनाशी होई. जिच्यावर हात ठेवावा तिच्याकडे पाहताना कसलीशी रुखरुख लागे, आणि ती कसली हे तिला उमगत नसे.

शेवटी तिने घरची रीत वापरली. शेरामी बायका होडी पारखत ती अशी: होडीत उभे राहायचे, हातात काळ्या कॉफीचा काठोकाठ भरलेला छोटा कप घ्यायचा, कॉफी सांडली नाही तर होडी आपली. रुंद होडी आळशी माणसाची, हेही तिला लहानपणापासून पढवलेले. म्हणून तिने दुकानातली सर्वांत अरुंद, पाय आत घालून बसायची कयाक मागच्या तळ्यात सोडायला लावली.

"बाई, हिच्यात उभं राहायचं नसतं हो!" वेन्डेल ओरडला.

"माझी पणजी झाडाच्या खोडात उभी राहत होती," असे म्हणत लोरेना कप घेऊन उभी राहिली, आणि वाक्याचा शेवट तिने पाण्याखाली केला.

दुसऱ्या दिवशी ती दारदारांच्या पायऱ्यांपाशी गेली. खाडीत काठीने पिरोग हाकलेला माणूस आता एकच उरला होता, तेओफीलचा मुलगा आंत्वान. त्या जुन्या वादळाच्या वेळी तो अर्ध्या चड्डीत होता. आता गुडघे धरून ओसरीवर कोळंबी सोलत बसे. त्याची स्वतःची होडी कधीच कुजून गेली होती. खुंट्याकडे न पाहता लोरेना पायऱ्या चढली.

"काय गं, दुकानातल्या तळ्याला कॉफी पाजलीस म्हणे?"

"पोचली वाटतं बातमी."

"मर्टल सांगून गेली. हसता हसता तिची कवळी हातात आली."

"हसून झालं असेल तर एक विचारते, काका. माझ्याबरोबर दुकानात याल? मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय."

आंत्वानचा हात कोळंबीवर थांबला. "शेरामींच्या घरातली बाई असं म्हणाली? थांब, टोपी घेतो. हे बघायलाच हवं."

दुकानात त्याने वेन्डेलला बोलू दिले नाही. रांगेतून चालताना एकेका कयाकवर बोटाने टिचकी मारत तो म्हणत गेला, "बादली. शवपेटी. पोरांचं खेळणं." एका चिखलाच्या रंगाच्या, रुंद, वर बसायच्या कयाकपाशी मात्र तो टिचकी मारायला विसरला. उंच आसन, समोर उभे राहताना धरायला एक पट्टा, वल्हे साधे. त्याचा हात तिच्या काठावरून पुढे गेला नि तसाच मागे आला.

"रुंद आहे, काका," लोरेना म्हणाली.

"तुझी आजी अरुंद होडीत उभी राहायची, कारण ती एझोरा होती. तू लोरेना आहेस. हिला पाण्यात सोड, आधी मी बसून बघतो."

तळ्यात तो काठाकाठाने गेला. वल्हे पाण्यात शिरे आणि निघे, पण पाण्याला त्याची चाहूल लागत नव्हती. एक फेरी झाली, दुसरी झाली, तरी तो बाहेर यायचे नाव काढीना. मग त्याने काठाशी येऊन हाक दिली, "कॉफी आण गं!" पट्टा धरून, गुडघ्यांना शिव्या देत तो हळूहळू उभा राहिला आणि लोरेनाने दिलेला कप त्याने ऐटीत रिकामा केला. थेंब सांडला नाही.

"घे हीच. डोळे मिटून घे," उतरल्यावर तो म्हणाला, आणि ओल्या कयाकवरून त्याची नजर काही निघेना.

इतके आठवडे लोरेनाला जी रुखरुख लागली होती तिचे नाव तिला त्या क्षणी कळले. कयाक निवडता येत नव्हती, कारण ती चुकीच्या माणसासाठी निवडत होती. मनातला गलबला एकदम थांबला, आणि तिची तिलाच गंमत वाटली.

दोन दिवसांनी, भरतीच्या पाण्यावर, ती स्वतः ती कयाक वल्हवत दारदारांच्या धक्क्याला घेऊन आली. आंत्वान काठी टेकत पायऱ्या उतरला.

"दाखवायला आणलीस होय?"

"परत करायला आणलीय."

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने मान फिरवली. "वेडी आहेस का? ते बाबांचं आणि तुझ्या आजीचं होतं. तुझ्यासाठी घेतलीस ना ही?"

"तेओफीलकाकांनी आईला काय सांगितलं होतं?"

"...आवाज करत नव्हती म्हणून."

"मग ऐका."

तिने कयाकला हलकेच पाण्यात ढकलले. ती पुढे गेली, दोरीच्या टोकाला थांबली, मागे आली. गवतात बगळा उभा होता. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

आंत्वानने कानामागे हात धरून ऐकले. मग म्हणाला, "आणि तू गं? तू कशातून जाणार?"

"ते अजून ठरत नाहीये. पेडलची घ्यावी की वल्ह्याची..."

"झालं! म्हणजे पुढच्या ख्रिसमसपर्यंत बसलीस घरी. तोवर ही घेऊन जात जा, रविवार सोडून. रविवारी मी जाणार." मग त्याने बोट उगारले. "पण परत आणत जा हं. तुमच्या घराण्याचा काही भरवसा नाही."

लोरेना मोठ्याने हसली, आणि त्या धक्क्यावर शेरामींच्या कुणी बाईने हसण्याची ती पहिली वेळ होती. तिने दोरीचे टोक त्याच्या हाती दिले. आंत्वान वाकला, गुडघे कुरकुरले. पहिली गाठ सुटली, दुसरी बसली. रिकाम्या खुंट्याला होडी लागली.

"फिटलं," तो म्हणाला. मग खुंटा हाताने हलवून पाहत, घट्ट आहे अशी खात्री करून, पुन्हा म्हणाला, "पुरतं फिटलं."