प्रिन्स एक्सप्रेस

अकोल्याच्या जठारपेठेत देवीदासभाऊंचं घर कोणालाही विचारावं लागत नाही. फाटकावर संगमरवरी सिंहांची जोडी आहे आणि त्यातला एक सिंह तिरळा आहे. मूळ गाव अकोट; तिथे त्यांची कापसाची जिनिंग फॅक्टरी. मी अमरावतीहून लोकांची घरं सजवायला जाते, त्यामुळे असली घरं मला नवी नव्हती. पण ज्या घरात सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, त्या घरात पोराला खेळायला खोली करायची, हे मात्र पहिल्यांदाच.

"रेल्वेची थीम पायजे," ते म्हणाले. "नागपूरच्या माह्या साडूनं पोराले जंगलाची रूम केली. आपली त्याच्या वरताण झाली पायजे."

मुलाशी जरा बोलता येईल का, असं मी विचारलं.

"त्याच्याशी काय बोलता, मॅडम? चार वर्षाचा पोट्टा हाय. त्याले काय समजते?"

"पण त्याला रेल्वे आवडते ना?"

"आवडंन," ते म्हणाले आणि फोनवर साडूच्या जंगलाचे फोटो दाखवू लागले. त्या जंगलात माकडाला वाघाएवढं केलं होतं, हे पाहून त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

मुलाचं नाव गोपाल. देवीदासभाऊ त्याला प्रिन्स म्हणत. त्याची आई करिश्मा चहा घेऊन आली, तेव्हा तो तिच्या पदराला धरून होता. माझ्याकडे एकदा बघून तो आत पळाला. त्याच्या खोलीबद्दल आम्ही तासभर बोललो. त्याला कोणी पुन्हा बोलावलं नाही.

पुढच्या भेटीला मी कागदावर एक साधं स्टेशन काढून नेलं. भिंतीशी लाकडी बाकडं, चढाउतरायला बुटका डबा, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'अकोट'. देवीदासभाऊंनी पाटीवर बोट ठेवलं.

"अकोट काहून?"

"तुमचं गाव आहे. त्याला ओळखीचं वाटेल."

"गाव तं रोजच हाय. पाहुणे हासतीन न. स्वित्झर्लंड टाका. मांगं बर्फाचे पहाड पायजेत."

म्हणून अकोल्याच्या उन्हाळ्यात, कूलर समोर असूनही घाम पुसत, माझ्या माणसांनी त्या भिंतीवर बर्फ रंगवला. प्लायवूडचं इंजिन केलं आणि त्याला गाडीला देतात तसा चकचकीत रंग दिला. त्यावर सोनेरी अक्षरांत 'प्रिन्स एक्सप्रेस'. रुळांवरून धावणारी छोटी आगगाडी काचेच्या पेटीत बंद केली, कारण पोरं तोडतात. जमिनीवर चटई नको, पांढऱ्या टाइल्सच हव्यात, कारण फोटोत उजेड चांगला येतो. पोराने हात लावल्यावर बिघडेल असं काहीच खोलीत नको, ही त्यांची अट. शेवटी ज्याला हात लावता येईल असंही काही उरलं नाही. मी मान डोलावत गेले. मला माझ्या पेजवर टाकायला ती खोली हवी होती; तेव्हा माझ्याबद्दलही फार चांगलं मत करून घेऊ नका.

उद्घाटन ठेवलं. लाल फीत, कात्री, ताटात पेढे. जिनिंगवाले, खताचे डीलर, त्यांच्या जरीच्या साड्यांतल्या बायका आणि नागपूरचे साडू. साडूंनी बर्फाकडे पाहिलं आणि "छान हाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. देवीदासभाऊंचं तेवढ्यानं पोट भरलं.

गोपालला सूट घातला होता, डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी. त्याला उचलून इंजिनात बसवलं आणि देवीदासभाऊंनी स्वतः बटण दाबलं. भोंगा वाजला. मी बारीक आवाजाचा लावला होता. त्यांनी मला न सांगता मोठा बसवून घेतला होता. पोरगं घाबरून एवढं किंचाळलं की बाहेरचा केटररही आत डोकावला. गोपाल खाली उतरला, टोपी फेकली आणि लोकांच्या पायांतून वाट काढत पळाला.

"शरमून राह्यला," देवीदासभाऊ पाहुण्यांना म्हणाले. फोटोवाला थांबला होता. त्यांनी ती टोपी उचलली, डोक्याच्या मधोमध कशीबशी ठेवली आणि स्वतः इंजिनात शिरले. गुडघे हनुवटीला लागत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक डीलर त्यांच्या शेजारी वाकून फोटो काढून घेऊ लागला.

मला ते बघवेना. मी बाहेर आले.

गच्चीच्या जिन्यावर गोपाल होता. दारातल्या पाहुण्यांच्या चपला-बूट उचलून त्याने पायरीपायरीवर जोडीजोडीनं बसवले होते. सूटचा कोट काढून टाकला होता. तो खालून वर जात प्रत्येक जोडीपुढे थांबत होता, बोटांनी हवेत तिकीट फाडत होता. करिश्मा खालच्या कठड्याला टेकून बघत होती.

"हा काय खेळतोय?" मी विचारलं.

"कंडक्टर हाय तो. माहं माहेर तेल्हाऱ्याचं. याच्या पप्पाले कधी टाइम नसते, मंग आमी मायलेक एसटीनंच जातो. खिडकीत बसला की हा जेवाचंबी इसरते." ती आतल्या टाळ्यांकडे कान देऊन थोडी हसली. "यायले सांगतलं होतं मी. म्हणे, एसटीची काय थीम रायते?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही करिश्माला एकदाही विचारलं नव्हतं; ती चहा आणायची आणि मी कप उचलायचे.

मी वर चढले आणि एका जरीच्या चपलेशेजारी रिकाम्या पायरीवर बसले. गोपाल आला. त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, अगदी खऱ्या कंडक्टरसारखं, कंटाळून.

"कुठं?"

"अमरावती."

"हे गाडी अमरावतीले नाई जात," तो म्हणाला. "उतरा खाली."

"पुढच्या स्टॉपवर उतरते ना."

"उतरा म्हनलं न. मांगची लोकं खोळंबली."

मी उतरले. त्याने दोनदा टण टण केलं आणि गाडी माझ्यावाचून निघाली.