अवताराचे पाय

गुढियारी वस्तीतल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर शेंदूर माखलेलं दोन वर्षांचं पोर, अर्जुन, पालथं निजवलं होतं. कमरेखाली बोटभर शेपटी. शेजारी पवनबाबा गरजत होता, "स्कूल में पढ़ाते हैं, मानुस की पूँछ झड़ गई! तो ये क्या है? साक्षात बजरंगबली!"

मग त्यानं पोराच्या तळव्यात सुई खुपसली. रक्ताचा थेंब आला. पोर पेढा चघळतच राहिलं.

"अवताराले दुःख नसते!" गर्दी ओरडली. त्यात मी ज्यांना जीवशास्त्र शिकवते, ती मुलंही होती.

दाराशी पोराची आई, कलावती, उभी होती. मी विचारलं, "अर्जुन चालतो का?"

"दिवाळीपर्यंत चालत होता, दीदी. आता पाय ओढून राहिला. लघवी झालेली बी समजत नाही त्याले."

मी ओट्यापर्यंत वाट काढली. मी बाबाला म्हटलं, "हीच सुई पोराच्या हाताला टोचून दाखवा."

"पाखंडी!" तो गुरकावला. माणसं माझ्याभोवती सरकू लागली. तेवढ्यात कलावतीनं बाबाच्या हातातून सुई घेतली आणि अर्जुनच्या बोटाला हलकेच टोचली. पोर किंचाळलं. माझ्याभोवती सरकलेली माणसं मागे हटली.

"त्याच्या पायांतली जाणीव मेली आहे," मी म्हटलं. "हा चमत्कार नाही, आजार आहे."

कलावतीचे सासरे श्यामराव आडवे आले. "शेपटीले हात लावला तर अख्खा पारा जळंन, सारी वस्ती!"

"मामाजी, बजरंगबलीले मी बी मानतो. पण त्यानं माह्या पोराचे पाय नाही मागितले," असं म्हणून कलावतीनं पोर उचललं.

आम्ही दवाखाना गाठला. तिथे डॉ. शिशिरच्या टेबलावर मारुतीची तसबीर होती. डॉक्टरनं समजावलं, "आईच्या पोटात काही आठवडे प्रत्येकाला शेपटी असते. पूर्वजांची खूण. ती विरते, माकडहाड उरतं. क्वचित अशी शेपटी राहते, आणि कधी तिच्याखाली मज्जारज्जू अडकलेला असतो. मूल वाढतं तसा तो ताणला जातो, पाय बधिर होतात."

शस्त्रक्रिया झाली. डावा पाय सुधारला. उजवा नाही, उशीर झाला होता. बाबा तोवर पारा सोडून गेला होता. कुठे, कोणालाच ठाऊक नाही.

देव मानायचा तर माना. उत्क्रांती मानल्यानं देवळं ओस पडत नाहीत. पण डोळे मिटून चमत्कार मानल्यानं एका लेकराचा पाय गेला.