एक कंट्रोलर जास्त

आठ महिने गोदामात धूळ खात पडलेला गेम कन्सोल एकाएकी हातोहात खपायला लागला आणि कंपनीत आनंदापेक्षा भांडणंच जास्त झाली. जाहिरातवाले म्हणाले, आमच्यामुळे. गेम बनवणारे म्हणाले, आमच्यामुळे. किंमत ठरवणारा साहेब नुसता मिशीत हसला. शेवटी खरं कारण शोधायला सर्वेवालीला घरोघर पाठवलं.

तिच्या फॉर्मवर कारणं चार: किंमत, गेम, जाहिरात, मित्राकडे पाहिला. पाचवं 'इतर'. एकोणचाळीस घरांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढची ओळ कोरी सोडली.

मग तिच्या लक्षात आलं, चार माणसांच्या घरात पाच कंट्रोलर असतात. दोघांच्या घरात तीन.

"हा जास्तीचा कोणाचा?" एका घरी तिने विचारलं.

"त्याचा," बाई म्हणाली. "खेळतो आमच्याबरोबर. हरतो फार छान. आमच्या ह्यांच्यासारखं तोंड पाडत नाही."

"ऐकू येतंय मला," आतून हे म्हणाले.

टीव्हीखाली ठेवलेला पाचवा कंट्रोलर हसू दाबल्यासारखा थरथरला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

तिने साहेबाला फोन केला.

"बिघाड दिसतोय," साहेब म्हणाला. "तसं लिहून दे. सगळे कन्सोल परत मागवू, दुरुस्त करून देऊ."

यादीतलं चाळिसावं घर तिच्या वडिलांचं निघालं. आई गेल्यापासून तीन वर्षं अप्पा फोनवर दोनच शब्द बोलत: 'बरंय' आणि 'ठेवतो'. तिने बेल दाबली तेव्हा आत कोणीतरी पोट धरून हसत होतं. तिला वाटलं, घर चुकलं.

अप्पांनी दार उघडलं. डोळे पुसतच होते. सोफ्यावर एक कंट्रोलर पडला होता. दुसरा सोफ्यापासून वीतभर वर होता.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "आई आहे का ही?"

"छे. तुझ्या आईला हरणं कधी जमलं? पत्त्यांतसुद्धा पानं लपवायची."

"मग कोण?"

"विचारलं नाही बुवा. दारात आलेल्याला काय 'तू कोण' म्हणायचं? सकाळी दहाला येतो."

"आणि जातो कधी?"

अप्पांनी बराच विचार केला. "जाताना नाही पाहिला."

"भीती नाही वाटत?"

"पहिले दोन दिवस वाटली. पण त्याआधीची तीन वर्षं जास्त वाटत होती."

तिने फॉर्म काढला. 'बिघाड' एवढा एक शब्द लिहिला की खोकं परत जाणार होतं आणि अप्पा पुन्हा दोन शब्दांवर येणार होते. तिने 'किंमत'वर खूण केली. मग पिशवीतून बाकीचे एकोणचाळीस फॉर्म काढले आणि तिथेच उभ्या उभ्या, एकेक 'इतर' खोडून, सगळ्यांवर 'किंमत' केलं. मिशीवाल्या साहेबाला आता बढती मिळणार होती. इलाज नव्हता.

"झालं तुझं ऑफिस?" अप्पांनी टीपॉयच्या खणातून नवाकोरा तिसरा कंट्रोलर काढला. "कालच आणलाय. तो म्हणाला, उद्या लागेल."

तिने फॉर्म पिशवीत टाकले.

"बस की," अप्पा म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "सरक रे जरा. पोर बसू दे."

सोफ्याच्या मधल्या गादीतला खड्डा हळूहळू भरून आला. कडेच्या गादीत तेवढाच पडला.

ती मध्ये बसली. गादी कोमट होती.