रडणारी बाई

आम्हा किरगिझांत पहिलं लेकरू सासू-सासऱ्यांना देऊन टाकतात. मी ते पहिलं लेकरू. आजीला आई म्हणत वाढले आणि जिने जन्म दिला त्या अनारकानला ताई. सणाला ती आजीकडे नारीनला यायची, माझ्या धाकट्या भावांची नाकं पुसायची आणि मला विचारायची, "कशी आहेस गं बुरुल? बरी ना?" शेजारणीला विचारावं तसं!

गेल्या साली आजी गेली. माझं सगळं आयुष्य चित्रांतून सांगणारं पुस्तक मी तेव्हा पुरं करत आणलं होतं. चार वर्षं पाठ मोडून काढलंय. पण खोटं कशाला बोलू? चार लोकांत अनारकान माझी आई म्हणून उभी राहते का, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून छापायच्या आधी तिला बिश्केकला बोलावलं.

आली. चहा घेतला, चष्मा लावला, पानं उलटायला लागली. इकडे माझा जीव टांगणीला आणि ही बया चित्रातल्या तळणीवर बोट ठेवून म्हणते, "बोरसोकचे एवढाले गोळे कुणी तळतं का? आत कच्चे राहतील."

मग ते पान आलं. आजी पाळणा घेऊन निघालीय आणि दारात एक बाई रडतेय.

"ही कोण?"

"तू. मला नेलं त्या दिवशी."

"मी कुठे रडले? झोपले होते मी. चाळीस दिवस नुसती किंचाळत होतीस. तुला नेलं आणि अशी झोप लागली म्हणून सांगू!" सांगताना तिचा चेहरा खुलला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बरं. मग झोपलेली काढते."

"वेडी का काय? लोक शेण घालतील तोंडात. राहू दे रडती, बरं दिसतं." तिने पुढची पानं चाळली. "आणि हे जागोजागी 'आई' लिहिलंयस, ते खोड. 'ताई' कर. तुझी ताईच राहीन असा सासूबाईंना शब्द दिलाय मी."

"अगं, ती मेली!"

"म्हणून काय झालं? माझी मुलं वाचतील हे."

माझी मुलं. म्हणजे ते दोघे. मी पांढरा रंग घेतला आणि एकेक 'आई' पुसायला बसले. कागद हलू नये म्हणून तिने खुर्ची ओढली आणि कोपरा नीट दाबून धरला. एवढी जवळ ती माझ्या कधीच बसली नव्हती.